एक दिवसाचं काम मंगळवारी का संपतं?

संगणकाच्या पडद्यावर एक ओळ दिसते. काम : बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. कालावधी : १ दिवस. सुरुवात : सोमवार. शेवट : मंगळवार.

साइटवरचा इंजिनिअर ती ओळ दोनदा वाचतो. सोमवारी सुरू झालेलं एक दिवसाचं काम मंगळवारी कसं संपेल? मध्ये सुट्टी नाही, कोणाची रजा नाही. खालच्या ओळी पाहाव्यात तर प्रत्येक काम असंच थोडं थोडं पुढे सरकलेलं. सॉफ्टवेअर बिघडलं, असं म्हणून तो पुढच्या कामांच्या सुरुवातीच्या तारखा एकेक करून हाताने टाकत जातो. वेळापत्रक डोळ्यांना बरं दिसू लागतं. खरा गोंधळ मात्र त्या हाताने टाकलेल्या तारखांपासून सुरू होतो, आणि तो उघडकीला यायला कधी कधी तीन महिने लागतात.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, प्रायमाव्हेरा यांसारखी नियोजनाची सॉफ्टवेअर वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे कोडं एकदा तरी पडतं. आणि बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचं गणित बरोबरच असतं. पडद्यावरची तारीख म्हणजे काढलेलं उत्तर. उत्तर विचित्र आलं, तर आपण नकळत कोणती आकडेमोड करायला सांगितली, ते शोधावं लागतं.

पुरणपोळीचं वेळापत्रक

हे गणित मुळात किती साधं आहे, ते स्वयंपाकघरात कळतं. सकाळी १० वाजता पुरणपोळीचा घाट घातला, असं समजू. हरभऱ्याची डाळ शिजायला ४० मिनिटं, गूळ घालून पुरण आटवायला ३०, वाटायला २०. म्हणजे पुरण साडेअकराला तयार. दुसरीकडे कणीक भिजवून तिंबायला १५ मिनिटं आणि ती मुरायला ६०, एकूण ७५. पोळी लाटायला पुरण आणि कणीक दोन्ही हवीत, म्हणून पहिली पोळी साडेअकराच्या आधी तव्यावर पडणार नाही. ही झाली पुढच्या दिशेने केलेली मोजणी.

आता उलटं मोजू. साडेअकराला लाटायला घ्यायचं, तर कणीक उशिरात उशिरा कधी भिजवावी? सव्वादहाला. म्हणजे कणकेच्या कामात १५ मिनिटं सैल आहेत. डाळीच्या कामात एक मिनिटही सैल नाही; डाळ पाच मिनिटं उशिरा शिजली, की पंगत पाच मिनिटं उशिरा बसते. अशी अजिबात सैल नसलेली कामांची साखळी म्हणजे 'क्रिटिकल पाथ', आणि बाकीच्या कामांतली ती मोकळीक म्हणजे 'स्लॅक'. प्रायमाव्हेरात तिलाच 'फ्लोट' म्हणतात.

पुढून आणि मागून मोजण्याची ही रीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पद्धतशीरपणे मांडली गेली. ड्युपाँ या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतले जेम्स केली यांनी ती युनिव्हॅक संगणकावर बसवली. साधारण त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' नावाची जवळची पद्धत उभी राहिली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये डॉसवर आली, आणि एकेकाळी खोलीभर यंत्र लागणारी ही मोजणी टेबलावरच्या संगणकात होऊ लागली. आजही आत चालतं ते हेच : पुढून एकदा, मागून एकदा. बाकीचा सगळा पसारा आहे तो 'दिवस' म्हणजे किती आणि 'अवलंबून' म्हणजे कसं, हे सांगण्याचा.

दिवस नव्हे, मिनिटं

आता वॉटरप्रूफिंगकडे परत. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट कामाचा कालावधी दिवसांत साठवतच नाही, मिनिटांत साठवतं. वापरणाऱ्याने '१ दिवस' लिहिलं, की ते एका सेटिंगकडे पाहतं : एका दिवसाचे तास किती? मुळात तिथे ८ असतं. म्हणून १ दिवस म्हणजे ४८० मिनिटं.

ही ४८० मिनिटं प्रत्यक्षात कधी खर्च होणार, हे मात्र दुसरीच गोष्ट ठरवते : कॅलेंडर. इंजिनिअरने कॅलेंडरमध्ये साइटची वेळ टाकली होती. सकाळी १० ते १, मग जेवण, मग २ ते ६. एकूण ७ तास. आता ८ तासांचं काम ७ तासांच्या दिवसात कसं मावणार? सोमवारी ७ तास संपले, उरलेला एक तास मंगळवारी १० ते ११. पडद्यावर फक्त तारीख दाखवायची ठेवली असेल तर वेळ दिसत नाही. दिसतो तो बुचकळ्यात टाकणारा मंगळवार.

शेराचं माप घेऊन लिटरच्या भांड्यात ओतावं, तसा हा प्रकार आहे. मापं दोन, आणि ती जुळतात की नाही हे सॉफ्टवेअर तपासत नाही. एका ओळीत एका तासाचा फरक, पण तो साठत जातो. '२१ दिवसांचं' म्हणून लिहिलेलं काम म्हणजे १६८ तास. ७ तासांच्या कॅलेंडरवर त्याला पूर्ण २४ दिवस लागतात. उपाय एका मिनिटाचा आहे : दिवसाचे, आठवड्याचे आणि महिन्याचे तास-दिवस सांगणारी ती सेटिंग कॅलेंडरशी जुळवून घ्यायची. तेही कामं भरण्याच्या आधी. नंतर आकडा बदलला तर साठवलेली मिनिटं बदलत नाहीत, फक्त त्यांचे दिवस वेगळे दिसू लागतात. काल १ दिवस असलेलं काम आज १.१४ दिवस म्हणून समोर येतं. ही सेटिंग प्रत्येक फाइलची आपापली असते, त्यामुळे दुसऱ्या ऑफिसातून आलेली फाइल त्यांचं माप घेऊनच येते.

निदानाची पहिली पायरी म्हणून एक सवय फार उपयोगी पडते. तारखेच्या रकान्यात वेळही दिसेल अशी मांडणी निवडायची. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

शनिवार कोणाचा, रविवार कोणाचा

सॉफ्टवेअरसोबत येणारं 'स्टँडर्ड' कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, ८ ते १२ आणि १ ते ५ असं आहे. महाराष्ट्रातली बहुतेक बांधकामं शनिवारी चालतात; गणपती, दिवाळीला थांबतात. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. म्हणजे एकाच सरकारी इमारतीच्या कामात मिस्त्री शनिवारी वीटकाम करतो आणि त्याचं मोजमाप मंजूर करणारं कार्यालय बंद असतं. दोन्ही कामांना एकच कॅलेंडर लावलं, तर दोघांपैकी एकाच्या तारखा खोट्या ठरणारच.

म्हणून कॅलेंडरं तीन पातळ्यांवर लावता येतात : सगळ्या प्रकल्पाला, एखाद्या कामाला, आणि माणसाला किंवा यंत्राला. कामाचं आणि माणसाचं अशी दोन्ही लावली, तर सॉफ्टवेअर दोघांत सामाईक असलेले तासच धरतं. रात्रपाळीचं काम आणि दिवसपाळीचा माणूस यांची गाठ घातली, तर सामाईक तास शून्य, आणि मग इशारा देणारी खिडकी उघडते. माणसाच्या कॅलेंडरकडे दुर्लक्ष कर, असं त्या कामापुरतं सांगण्याची सोयही आहे.

यापेक्षा मोठी चूक काँक्रीटच्या बाबतीत होते, आणि ती मुरलेल्या नियोजकांच्या फाइलींतही सापडते. स्लॅब भरला, की त्याला पाणी मारायचं, मग सेंटरिंग काढायचं. बांधकामासाठीचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान ७ दिवस पाणी द्यावं आणि ४.५ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान १४ दिवस ठेवावेत. हे १४ दिवस घड्याळाचे आहेत. काँक्रीट रविवारीही घट्ट होत असतं. त्याला सुट्टी माहीत नाही. पण वेळापत्रकात नुसतं '१४ दिवस' लिहिलं, तर सॉफ्टवेअर कामाचे १४ दिवस मोजतं. पाच दिवसांच्या आठवड्यात सोमवारी सुरू झालेले हे १४ दिवस तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी संपतात, १८ व्या दिवशी. एका स्लॅबमागे ४ दिवस फुकट गेले. त्यासाठी 'इलॅप्स्ड' म्हणजे सलग चालणारा कालावधी असतो. प्रोजेक्टमध्ये दिवसाच्या अक्षराआधी 'ई' लावला की तो लागू होतो. रंग वाळणं, बंदरातून माल येणं, हरकतींसाठी दिलेली मुदत, सगळं याच जातीचं.

खिळे ठोकलेल्या तारखा

सुरुवातीला इंजिनिअरने हाताने तारखा टाकल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं?

आपोआप मोजल्या जाणाऱ्या कामाच्या 'स्टार्ट' रकान्यात तारीख लिहिली, की सॉफ्टवेअर त्याचा अर्थ असा घेतं : हे काम या तारखेच्या आधी सुरू करायचं नाही. 'स्टार्ट नो अर्लिअर दॅन' असं बंधन ते शांतपणे नोंदवून ठेवतं. डावीकडे इंडिकेटरच्या रकान्यात कॅलेंडरचं छोटंसं चिन्ह उमटतं, पण तिकडे कोण पाहतं? पुढे आधीचं काम चार दिवस लवकर आटोपलं, तरी हे काम जागचं हलत नाही. वाचलेले चार दिवस हवेत विरतात. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधला एखादा खिळ्याने भिंतीला ठोकावा, मग दोरी कितीही ओढा, तो येत नाही.

बंधनांचे एकूण आठ प्रकार आहेत. 'शक्य तितक्या लवकर' हे मुळातलं, आणि बहुतेक कामांना तेच ठेवावं. 'याच दिवशी सुरू झालंच पाहिजे' हे सर्वांत कडक. मूळ सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर असं बंधन पाळतंच, मग आधीचं काम लांबलं तरी. परिणाम असा की भिंत २० तारखेला उभी राहणार आणि तिचा गिलावा १६ तारखेला सुरू होणार, असं वेळापत्रक पडद्यावर सुरळीत दिसतं. स्लॅकचा रकाना उघडला तर तिथे उणे दिवस लिहिलेले असतात. उणे मोकळीक म्हणजे सॉफ्टवेअरची कबुली : सांगितलेलं सगळं एकदम जमत नाही.

ग्राहकाला दिलेली तारीख लक्षात ठेवायची असेल, तर बंधन नको, 'डेडलाइन' हा वेगळा रकाना वापरावा. तो काम जखडत नाही. मुदत उलटली की लाल खूण करतो. हे साधं साधन इतकं कमी वापरलं जातं याची खरंच हळहळ वाटते.

> चौकट : तारीख चुकली वाटली तर
> तारखेला हात लावण्याआधी त्या ओळीवर उभं राहून 'टास्क इन्स्पेक्टर' उघडावा. ही तारीख कोणामुळे आली, आधीच्या कामामुळे, कॅलेंडरमुळे की बंधनामुळे, ते तो सांगतो. मग वेळ दाखवणारी तारीख, दिवसाचे तास, कामाला लावलेलं कॅलेंडर, आणि शेवटी ओळ 'मॅन्युअल' (तारीख लिहिली तशीच राहणारी) आहे की 'ऑटो' (तारीख आपोआप मोजली जाणारी), या क्रमाने पाहावं. तारीख पुसून नवी लिहिणं हा उपाय नाही. त्याने कारण झाकलं जातं.

आज काय तारीख आहे?

अनेकांना एक गोष्ट पटत नाही : मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट 'आज'ची फिकीर करत नाही. काम १ ते १० तारखेचं होतं, निम्मं झालं, आज १५ तारीख आहे. फाइल उघडली तर काम अजूनही १० तारखेला संपताना दिसतं. उरलेलं निम्मं काम गेल्या आठवड्यात होणार आहे, असं ते वेळापत्रक गंभीरपणे सांगतं, आणि त्यावर टेकलेली पुढची सगळी कामंही तितकीच खोटी असतात. त्यासाठी 'स्टेटस डेट' म्हणजे नोंदीची तारीख ठरवून, न झालेलं काम तिच्या पुढे ढकलण्याची आज्ञा स्वतः द्यावी लागते. प्रायमाव्हेराचा स्वभाव उलटा आहे. तिथे 'डेटा डेट' असते आणि उरलेलं काम तिच्या मागे राहूच शकत नाही. पण एफ-९ दाबून मोजणी करायला सांगेपर्यंत मुळात काही हलतही नाही. एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर गेलेला माणूस नेमका इथे अडखळतो.

माणसं वाढवण्याचं गणितही असंच गैरसमजाचं. काम बरोबर कालावधी गुणिले माणूसबळ, एवढंच सूत्र. एका रंगाऱ्याचं १० दिवसांचं, ८० तासांचं काम. दुसरा रंगारी जोडला आणि काम 'एफर्ट ड्रिव्हन' असेल, तर ५ दिवस. नसेल, तर १० दिवस तसेच राहतात आणि तास १६० होतात. भिंती रंगवायला पहिलं योग्य. पुण्याहून नागपूरला माल नेणाऱ्या ट्रकला मात्र दुसरा ड्रायव्हर दिला म्हणून ट्रक निम्म्या तासांत पोचत नाही.

नवी आवृत्ती, जुनी फाइल

आता अपग्रेडकडे. जुन्या सॉफ्टवेअरच्या जागी नवं बसवलं आणि काल ३० मार्चला संपणारा प्रकल्प आज दुसरीच तारीख दाखवतो, अशी तक्रार होते तेव्हा संशय मोजणीच्या इंजिनावर घेतला जातो. बऱ्याचदा बदललेल्या असतात त्या न विचारता लागू होणाऱ्या सेटिंग.

सर्वांत मोठं उदाहरण २०१० च्या आवृत्तीचं. तिच्यात 'मॅन्युअल' कामं आली. अशा कामाची तारीख सॉफ्टवेअर ठरवत नाही. लिहिली तशी ठेवतं. प्राथमिक आराखड्यासाठी सोय चांगली आहे. पण नव्या फाइलीतली नवी कामं मुळातच मॅन्युअल ठेवण्याचा निर्णय बांधकाम आणि कारखान्यांच्या नियोजनाला घातक ठरला, असं स्पष्ट म्हणावं लागेल. २००७ वापरून सरावलेला नियोजक कामं लिहितो, एकमेकांना जोडतो, मग पहिल्याचा कालावधी दुप्पट करतो, आणि पुढचं काम ढिम्म. त्याच्या तारखेखाली फक्त नागमोडी लाल रेघ उमटते. खाली डाव्या कोपऱ्यातली 'न्यू टास्क्स' सेटिंग 'ऑटो' केली, की पुढची नवी कामं तरी शहाण्यासारखी वागतात. आधीची निवडून बदलावी लागतात.

दुसरा अडथळा फाइलच्या साच्याचा. बाहेरून सगळ्या फाइलींचं आडनाव एकच, 'एमपीपी'. आतली रचना मात्र बदलत गेली : १९९८ च्या आवृत्तीची एक, २००० ते २००३ ची दुसरी, २००७ ची तिसरी, आणि २०१० पासून पुढची चौथी. जुनी फाइल नव्यात उघडते, पण 'कम्पॅटिबिलिटी मोड'मध्ये, आणि तोवर मॅन्युअल कामांसारख्या नव्या सोयी बंद राहतात. उलट, नवी फाइल २००७ च्या साच्यात ठेवली तर मॅन्युअल कामं आपोआप मोजली जाऊ लागतात आणि तारखा सरकतात. सल्लागार नव्या आवृत्तीवर, कंत्राटदार जुन्या आवृत्तीवर, आणि फाइल दोघांत फिरते आहे, असं असेल तर हा फरक दर आठवड्याला नवा वाद काढतो. फाइल मुळीच उघडत नसेल, तर 'ट्रस्ट सेंटर'मधली 'लेगसी फॉरमॅट्स' ही सेटिंग पाहावी. सुरक्षेसाठी जुने साचे तिथे अडवलेले असतात.

तिसरी गोष्ट सामानाची. घर बदललं की ट्रंका टेम्पोतून येतात, पण भिंतीत ठोकलेल्या खुंट्या जुन्या घरातच राहतात. प्रोजेक्टमध्ये मॅक्रो, स्वतः बनवलेले तक्ते, गाळण्या 'ग्लोबल डॉट एमपीटी' नावाच्या साच्यात ठेवलेल्या असतात, आणि त्या नव्या आवृत्तीत आपोआप येतीलच असं नाही. 'ऑर्गनायझर' उघडून त्या हलवाव्या लागतात. कॅलेंडरचं याच्या बरोबर उलट आहे : प्रत्येक फाइल स्वतःची प्रत जवळ बाळगते. म्हणून ऑफिसच्या साच्यात यंदाच्या सुट्ट्या भरल्या, तरी गेल्या वर्षीच्या फाइलींना त्याचा पत्ताही नसतो.

इन्स्टॉल करतानाच गाडी अडली, तर कारण अनेकदा ३२ आणि ६४ बिटचं असतं. संगणकावर ऑफिस ३२ बिटचं असेल, तर ६४ बिटचं प्रोजेक्ट शेजारी बसत नाही. दोन्ही एकाच जातीची लागतात. २०१९ पासून ऑफिस मुळातच ६४ बिटचं बसू लागलं, आणि विंडोजच्या आतल्या सोयी थेट हाक मारून वापरणारे जुने मॅक्रो अनेक ऑफिसांत तिथे थबकले. त्यांच्या घोषणेच्या ओळीत 'पीटीआर-सेफ' हा शब्द घालावा लागतो. प्रायमाव्हेरात फाइलींची देवाणघेवाण 'एक्सईआर' रूपात होते. तिथली नेहमीची तक्रार म्हणजे छोट्याशा प्रकल्पाची अवाढव्य झालेली फाइल. तिच्यात 'पीओबीएस' नावाचा तक्ता एका ऑफिसातून दुसऱ्यात जाताना फुगत जातो. वेळापत्रकाला त्याचा उपयोग नसतो. तो काढला की फाइल झटकन आत येते.

यापुढची ढवळाढवळ आणखी मोठी आहे. मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट ऑनलाइन ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ रोजी बंद होणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिच्यावर चालणाऱ्या संस्थांपुढे आवृत्ती बदलण्याऐवजी घरच बदलण्याचं काम उभं राहिलं.

अशा वेळी जुनी आणि नवी तारीख नजरेने ताडून पाहणं व्यर्थ आहे. हजार ओळींत नजर चुकते. त्यापेक्षा 'बेसलाइन' कामी येते. बेसलाइन म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या तारखांचं गोठवलेलं छायाचित्र, आणि प्रोजेक्टमध्ये अशी अकरा ठेवता येतात. अपग्रेडच्या आदल्या संध्याकाळी फाइलची प्रत काढून तिच्यावर एखादी न वापरलेली बेसलाइन नोंदवायची. नव्या आवृत्तीत तीच प्रत उघडून एफ-९ दाबायचं. मग त्या बेसलाइनच्या शेवटाच्या तारखा आणि आताच्या शेवटाच्या तारखा दोन रकान्यांत शेजारी लावून, जिथे फरक शून्य नाही तेवढ्याच ओळी गाळून घ्यायच्या. सातशे ओळींतून बारा उरल्या, तर त्यांतली सर्वांत वरची, सर्वांत आधी सुरू होणारी ओळ पकडायची. खालच्या बऱ्याच ओळी तिच्याच ओढीने सरकलेल्या असतात. आणि त्या ओळीच्या डावीकडे, इंडिकेटरच्या रकान्यात, कॅलेंडरचं ते छोटं चिन्ह आहे का, ते आधी पाहायचं.